हरलेल्याचा आठवडा

६ जानेवारी

आत्या,

आधी पोटभर नमस्कार. फोनवर मी ओरडून विचारते तब्येत कशी आहे, आणि तू म्हणतेस, "हो, आत्ताच जेवले." कँटीनच्या त्या पंख्याने आणि पातेल्यांच्या खणखणाटाने तुझे कान खाल्ले ते खाल्लेच. म्हणून हे पत्र. शिवाय या घरात फोनवर बोललं की चार माणसं ऐकतात. पत्र लिहीत बसले की त्यांना वाटतं, मी दवाखान्याचं काहीतरी लिहितेय.

तू लग्नात म्हणालीस ना, चार पुरुषांचं घर आहे, भिंगरीची पार भिंगरी होणार. तर ऐक. लग्न झाल्यापासून मी एक कपसुद्धा विसळलेला नाही.

घरसामान हलवायचा यांचा धंदा, दोन ट्रक. उजाडायच्या आत ट्रक निघतात, माझी एक्स-रेची पाळी कधी सकाळची तर कधी दुपारची, त्यामुळे घरात कोणी स्वस्थ म्हणून नसतं. सासूबाई गेल्या तेव्हा तिघे भाऊ ऐन जवानीत, भांडी कुणी घासायची यावरून डोकी फुटायची. सासऱ्यांनी तोड काढली, ती अजून चालू आहे. रविवारी दुपारी जेवणं झाली की टेबल पुसायचं आणि त्यावर कोपर टेकवून पंजा लढवायचा. प्रत्येकाने प्रत्येकाशी. जो तळाला जाईल त्याच्या अंगावर पुढचा सगळा आठवडा. स्वयंपाक, भांडी, कपडे, फरशी, संडास, आणि सासऱ्यांचं अंथरूण-पांघरूण, अंघोळ, सगळं. त्याला म्हणतात हरलेल्याचा आठवडा.

सासऱ्यांचं डावं अंग लुळं आहे आणि बोलणं अर्धंमुर्धं. पण त्यांची कॉट मधल्या दारात अशी टाकलीय की टेबल समोर दिसावं. उजव्या हातात स्टीलचा चमचा. चमचा कॉटच्या दांडीवर वाजला की सुरू, पुन्हा वाजला की निकाल. एखाद्या न्यायाधीशाचा काय तोरा असेल!

थोरला दीर दारातून आडवा होऊन आत येतो, एवढा रुंद. माझा नवरा मधला, त्याचे हात तू पाहिलेस. धाकटा आपला काटकुळा, ट्रकवर जात नाही, फोन घेतो, गिऱ्हाइकांशी गोड बोलतो. मला टेबलाशी बसवत नाहीत. बायको नवऱ्याच्या निकालात धरतात. थोरल्या जाऊबाई माहेरी गेल्या त्या परत आल्याच नाहीत, त्यांना म्हणे कामाचा कंटाळा. असलं सुख सोडून कोण जातं, सांग.

तुझी भिंगरी


१७ जानेवारी

भिंगरे,

पत्र दोनदा वाचलं आणि दोनदा हसले. तीन दांडगे बाप्ये आणि साबणाचा फेस, हे बघायला मी तिकीट काढून येईन. तुझ्या आतोबांनी उभ्या जन्मात एक बशी उचलली, ती फोडली, आणि तिचे तुकडेही मीच गोळा केले. तुझ्या सासऱ्यांना माझा नमस्कार सांग. बायको गेल्यावर पोरांना कामाला लावणारा माणूस मी पहिल्यांदाच ऐकला. तिघांसाठी जाड कापडाचे एप्रन शिवायला घेतलेत. थोरल्याचं माप अंदाजाने घेते, दार आठवून.

एक मात्र विचारते, राग मानू नकोस. कँटीनमध्ये मोठ्या पातेल्यांना पाळी लावलेली असायची. नवीन जागी गेले की मी पाळीचा कागद बघायची नाही, बायकांची नखं बघायची. कागदावर सगळ्यांची नावं असतात आणि नखं एकीचीच झिजलेली. तुझ्याकडे या आठवड्यात कोण राबतंय? आणि मागच्या? तू सगळ्यांचं वर्णन केलंस, हरलेल्याचं तेवढं राहिलं.

आणि अंथरुणातल्या माणसाला उचलणं हे एकट्याचं काम नव्हे, दोघांचं. आमच्यात अशी वाटणी असे: जड कामाला जोडीदार, घाणेरड्या कामानंतर हलकं काम, आणि ज्याला जे अगदी नकोसं त्याला ते लागोपाठ नाही. करून बघ. माणसं कमी कुरकुरतात.

आत्या


२५ फेब्रुवारी

आत्या,

उशीर झाला, रागावू नकोस. एप्रन मिळाले. थोरल्याने आपला ट्रकचं बॉनेट पुसायला घेतला.

तू विचारलंस म्हणून सांगते. बहुतेक वेळा धाकटाच. म्हणजे नेहमीच. पण त्याला सवय आहे गं, तो तक्रार करत नाही. फोन खांद्याला लावून भांडी घासतो, गिऱ्हाइकाला वाटतं ऑफिसात पाऊस पडतोय. त्याच्या बोटांना भेगा आहेत हे मीही बघितलं. मी मलम आणून दिलं.

तुझ्या पद्धतीची वाटणी मीच एका कागदावर काढली. सोमवार ते रविवार, चौघांची नावं, माझंही. सासऱ्यांच्या अंघोळीला दोघंदोघं. फ्रिजवर लावली. रविवारी थोरल्याने ती काढून मोठ्याने वाचली, रेडिओवर बातम्या वाचतात तशी. सगळे हसले. मग त्याने धाकट्याला विचारलं, तूच वहिनीचे कान भरलेस ना. धाकटा नाही म्हणाला. थोरल्याने कागदाची गोळी केली, त्याची मान मागून धरली आणि गोळी त्याच्या तोंडात कोंबली. म्हणाला, चाव. त्याने चावली. गिळ म्हणाला. एकदा उलटी काढली, पण गिळली. सासऱ्यांनी चमचा वाजवला, म्हणजे निकाल.

हे असंच चालतं यांचं, लहानपणापासून एकमेकांना धोपटतच वाढलेत. मनात काही नसतं. नवरा पण हसत होता. मी पण हसले, आत्या. सगळेच हसत होते.

तुझ्या पाठीत उसण भरली होती, ती गेली का?

भिंगरी


५ मार्च

भिंगरे,

पाठ बरी आहे, पाठीचं सोड.

तिसरा एप्रन धाकट्याला घातलेला मला दिसतो आणि त्यावर थुंकीने भिजलेला कागद. मी हसू शकले नाही. कँटीनला एक मुकादम होता, चेष्टेखोर. भांडीवालीच्या हातावर गरम झारा टेकवायचा आणि म्हणायचा, जागी आहेस ना? आम्ही सगळ्या हसायचो, कारण न हसणारीच्या हातावर झारा पुढच्या वेळी यायचा. हसणं म्हणजे काय ते मला शिकवू नकोस.

आणि एक गणित मला सुटत नाही. थोरला कधीच हरत नाही. त्याच्या बायकोला मग कुठल्या कामाचा कंटाळा आला? जिंकणाऱ्याच्या बायकोने माहेर का गाठलं, हे तू कुणाला विचारलंस का?

तुझ्या नवऱ्याशी बोल. टेबलाशी नको, बापासमोर नको. ट्रकमध्ये बस, तो चालवत असताना बोल. हात स्टिअरिंगवर असले की पुरुष ऐकून घेतात. त्याला एवढंच सांग, धाकट्याला एक आठवडा तरी मोकळा मिळू दे. आणि खरं लिही, तो तुझ्यावर हात टाकतो का? माझ्या मागच्या खोलीत खाट आहे, कडी आतून लागते.

आत्या


१९ एप्रिल

आत्या,

नाही, हात टाकत नाही. तो तसा नाही. तू उगाच काळजी करतेस.

ट्रकमध्ये बोलले. त्याने ऐकलं. त्याचं पण धाकट्यावर प्रेम आहे गं, लहानपणी खांद्यावर घेऊन फिरवलंय त्याने.

वाईट बातमी आहे. धाकट्याचा हात मोडला. पंजा चालू असताना मोडला. दंडाचं हाड मधोमध, पिळवटलेलं कापड फाटावं तसं. आवाज झाला तेव्हा मला वाटलं टेबलाचा पाय गेला. तो ओरडला नाही, आपल्याच हाताकडे बघत बसला. कोपरापासून पुढचा भाग भलत्याच बाजूला वळला होता. मग त्याचा चेहरा राखेसारखा झाला आणि तो खुर्चीवरून खाली आला, डोकं फरशीवर आपटलं, भुवई फुटली.

मीच त्याला आमच्या दवाखान्यात नेलं. मीच एक्स-रे काढला. त्याच हातात खाली दोन जुन्या भरलेल्या रेषा, बोटांमध्ये आणखी. डॉक्टरांनी विचारलं, कसं झालं? तो म्हणाला, जिन्यात फ्रिज अंगावर आला. डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, हो, फ्रिज.

आता प्लास्टर आहे. फार लिहवत नाही.

भिंगरी


२८ एप्रिल

भिंगरे,

तू लिहिलंस, हात मोडला. हात आपोआप मोडत नाही. समोर कोण बसलं होतं?

आणि आता त्याच्या एका हाताने त्या घराची भांडी कोण घासतंय?

या दोन प्रश्नांची उत्तरं दे. बाकी काही लिहू नकोस, पाठीचंही विचारू नकोस.

आत्या


९ मे

आत्या,

समोर माझा नवरा होता.

आम्ही ट्रकमध्ये ठरवलं होतं, तो मुद्दाम हरणार. धाकट्याला मात्र सांगितलं नव्हतं, नाहीतर तो चेहऱ्यावरून कळू देईल. नवऱ्याने हळूहळू सोडलं. धाकट्याने आधी विश्वास ठेवला नाही, मग त्याच्या तोंडावर असं काही आलं, आत्या, मी त्याला तसा कधी पाहिला नव्हता. दात आवळले, दोन्ही पाय फरशीला रोवले. हात टेबलाला टेकायला जेमतेम वीतभर उरलं होतं. तेवढ्यात सासऱ्यांनी चमचा फेकला. म्हणाले, "खोटं." उभा जन्म ओझी उचललेला माणूस, कुणी अंग चोरलं की त्याला कळतं. थोरला उठून नवऱ्याच्या मागे उभा राहिला, त्याचे केस मुठीत धरले आणि म्हणाला, खरा जोर लाव, नाहीतर आज तुझ्या बायकोला माझ्यासमोर बसवतो.

नवऱ्याने खरा जोर लावला.

धाकट्याने नेहमीसारखं सोडून दिलं असतं तर काही झालं नसतं. तो दर रविवारी सोडायचा. त्या दिवशी त्याला वाटलं आपण जिंकतोय. म्हणून मोडला.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर, तोच. थोरल्याने सांगितलं, जो टेबलाशी बसू शकत नाही तो हरलेलाच. म्हणजे प्लास्टर निघेपर्यंत सगळे आठवडे त्याचे. एका हाताने सासऱ्यांना कुशीवर वळवतो, चादर दातांत धरून ओढतो. परवा अंघोळ घालताना सासरे निसटले, नळावर आपटले, त्यांच्या कानशिलातून रक्त आलं. थोरल्याने धाकट्याला ओल्या फरशीवर पाडून कमरेत लाथा घातल्या. प्लास्टर भिजलं म्हणून वर आणखी दोन.

मी लपून मदत करते. म्हणजे करत होते. नवरा बदललाय. हाड तुटल्याचा तो आवाज त्याच्या अंगात शिरलाय की काय, पंजाला बसला की समोरच्याला बघतच नाही. मागच्या रविवारी त्याने थोरल्याला पाडलं. या घरात असं कधी झालं नव्हतं. सासरे रडले, आनंदाने. आता तो थोरल्याच्या खुर्चीत बसतो, थोरल्याने त्याचं ताट वाढलं नाही तर ताट भिरकावतो. परवाचं काचेचं ताट भिंतीवर फुटलं, तुकडा थोरल्याच्या गालात रुतला. 

मी चार ताटल्या घासत होते, तो मागून आला. माझं मनगट नळाखालून बाहेर ओढलं आणि टेबलावर दाबलं. म्हणाला, "मी जिंकलोय. माझी बायको हरलेल्याचं काम करणार नाही." दाबतच राहिला. मी म्हटलं, मोडेल. तो म्हणाला, "मोडणार नाही, मला आता कळतं कुठे मोडतं ते."

मोडलं नाही. मी दुसऱ्या दिवशी मशीनखाली माझाच हात ठेवून बघितलं.

मी तुला म्हटलं होतं तो तसा नाही. तेव्हा तसा नव्हता, आत्या. खरंच नव्हता.

भिंगरी


१५ मे

भिंगरे,

आता मी सांगते तसं कर. वाद नको, विचार नको.

धाकट्याला प्लास्टर दाखवायला दवाखान्यात यायचंय ना, त्या दिवशी तू पाळीवर असशील असं बघ. तो घरून एकटा निघू दे. तू नेहमीसारखा डबा घेऊन जा, जास्तीची पिशवी नको. कपड्यांना माझ्या घरी तोटा नाही, माझे सगळे तुला मोठे होतील, दोरीने बांध. एक्स-रेच्या फिल्म मात्र घे, त्याच्याही आणि तुझ्याही. दवाखान्यातूनच बस धरा. घरात निरोप ठेवू नका.

तो नाही म्हणेल. म्हणेल, बाबांचं कोण करील? त्याला सांग, बाबांना मुलं अजून दोन आहेत, धडधाकट.

मी ट्रकमध्ये बोलायला सांगितलं होतं. त्या बोलण्यातून काय निघालं ते मी वाचलं. त्याचं आपण नंतर बघू, आधी बस पकड.

आत्या


१ जून

आत्याबाईंना नमस्कार.

मी तुमचा जावई. मी लिहिणारा माणूस नाही, धंद्याची पत्रं धाकटा लिहायचा. अक्षराची चूकभूल समजून घ्या.

ती तुमच्याकडे आहे हे मला ठाऊक आहे. दवाखान्यात विचारलं, कोणी बोलत नाही, वॉर्डबॉयने मला बाहेर काढलं. मी तिला मारलेलं नाही. मनगट धरलं होतं. मी धरलं नसतं तर दादाने धरलं असतं, हे तिला माहीत आहे.

इथली परिस्थिती सांगतो. ते दोघे गेले त्या रविवारी मी आणि दादा टेबलाला बसलो. दोघेच असल्यामुळे जो हरेल त्याच्यावर सगळं. निकाल लागेना. फळी तडकली तरी दोघांचे हात उभे. बाबा चमचा वाजवत होते. मग दादाने डोकं माझ्या तोंडावर आपटलं. हे नियमात नाही. माझे पुढचे दात गेले. मग मी पण नियम सोडला. मी त्याला खुर्चीने मारलं, खुर्ची मोडल्यावर खुर्चीच्या पायाने. त्याने कपाट बांधायचा पट्टा आणला, त्याला लोखंडी बक्कल असतं. माझा डावा डोळा उघडत नाही. त्याचा जबडा सुटलाय आणि बरगड्या गेल्यात, आतल्या खोलीत पडून असतो, मी आत गेलो की जॅकचा दांडा उचलतो. ट्रक उभे आहेत. फोन वाजत असतो.

टेबलापासून मधल्या दारापर्यंत रक्त आहे. वाळलं. ते पुसायचं कुणी हे ठरलेलं नाही, कारण कुणी हरलेलं नाही. बाबांची चादर पण तशीच आहे. मी त्यांना पाव देतो.

तिला पाठवा. मी तिला कामाला हात लावू देणार नाही. आणि धाकट्याला सांगा, प्लास्टर निघालं असेल तर त्याची जागा रिकामी आहे. कोणी त्याला काही बोलणार नाही. तो आला की सगळं पहिल्यासारखं सुरळीत होईल.

तुमचा,
जावई


१० जून

भिंगरे,

तू विचारात पडली असशील, दोन दिवसांत येते म्हणून गेलेली आत्या अजून का नाही. मी तुझ्या सासरी आहे. खाली बस आणि मग वाच.

तुला सांगितलं असतं तर तू जाऊ दिलं नसतं. पण त्या पत्रातला तो पाव माझ्या घशात अडकला. म्हातारा कसाही असो, घाणीत पडलेला माणूस मला बघवत नाही. एकटी गेले नाही. कँटीनच्या ढब्बीला आणि बासरीला घेतलं. शंभर माणसांचा भात दोघींनी उचललाय, त्यांना कुणाच्या बापाची भीती नाही.

दार तुझ्या नवऱ्याने उघडलं. मी त्याला ओळखलं नाही. तोंड सुजून एका बाजूला गेलेलं, डोळ्याच्या जागी जांभळी गाठ. आत शिरले आणि चपलेला फरशी चिकटली. भिंतीवर हाताचे ठसे होते, खालून वर गेलेले आणि मग खाली घसरलेले. टेबल दोन तुकड्यांत. आणि दारात तो म्हातारा, अंगाखाली काय होतं ते लिहीत नाही. पाठीला जखमा झाल्यात, माझी मूठ जाईल एवढ्या. आम्हाला बघून त्याने काय केलं असेल? चमचा वाजवला.

बासरीने आणि मी त्याला उचललं, धुतलं, कोरड्यात ठेवलं. जड कामाला जोडीदार लागतोच. मग मी त्याच्या हातातून चमचा काढून घेतला. त्याने असा काही जोर लावला की माझी बोटं अजून दुखतात. काढला, घासला, त्यानेच भात भरून त्याच्या तोंडात घातला. रागारागाने चावत होता, पण चावत होता.

ढब्बीने बादली भरली आणि जावयापुढे ठेवली. त्याने बादलीकडे बघितलं आणि मला विचारलं, "कोण हरलं?"

मी म्हटलं, "कुणी नाही. फरशी घाण आहे."

त्याने बादली लाथाडली. ती ढब्बीच्या नडगीवर बसली. ढब्बीने लंगडत जाऊन परत भरली, परत ठेवली. त्याने भिंतीवर फेकली. ढब्बीने तिसऱ्यांदा भरली.  मग तो खाली बसला आणि फडकं पिळलं.

अर्धी फरशी झाली असेल. आतून थोरला हसला. जबडा बांधलेला, तरी हसला, आणि म्हणाला, "हरला." एवढंच. तुझा नवरा पुसायचा दांडा घेऊन उठला. त्याच्या चेहऱ्यावर काही नव्हतं, राग पण नव्हता. ते बघून मी घाबरले. मी आतल्या दारात उभी राहिले, दुसरं काही सुचलं नाही. दांडा माझ्या खांद्यावर बसला आणि मोडला.

किंचाळू नकोस. हाड शाबूत आहे, खांदा वांग्यासारखा झालाय. तो तिथेच थांबला, हातात अर्धा दांडा घेऊन. ढब्बीने मागून त्याला मिठी मारली, मिठीच म्हणायची, त्यातून बैल सुटला नसता. बासरीने शेजाऱ्यांना हाक मारली. गाडी आली. म्हाताऱ्याला आणि थोरल्याला दवाखान्यात नेलंय, तुझ्या नाही, दुसऱ्या. पोलीस येऊन माझा खांदा बघून गेले. मी त्यांना फ्रिज पडला असं सांगितलं नाही.

गाडी गेल्यावर तुझ्या नवऱ्याने उरलेली फरशी पुसली. कोपरे सोडले, पण पुसली. मग विचारलं, ती येईल का?

मी त्याला सांगितलं, मला माहीत नाही. तुला मात्र सांगते. एक फरशी पुसली म्हणजे माणूस धुऊन निघाला असं मला वाटत नाही. त्याला अजून पुष्कळ पुसू दे. तू काय ठरवशील ते तू ठरव, मला कळवलंस तरी पुरे. ढब्बीच्या नडगीची सूज उतरली की निघतो.

आत्या


१८ जून

आत्या,

किंचाळले. मग शेजारच्या बाई धावत आल्या, त्यांना काय सांगू? म्हटलं, आत्याचं पत्र आलंय, सगळं ठीक आहे.

मी परत जाणार नाही. आज पोलिसांकडे जाऊन आलो, दोघेही. धाकटा रस्त्यात दोनदा थांबला, एकदा चपलेचा पट्टा बांधायला आणि एकदा उगाच. फिल्म टेबलावर ठेवल्या. साहेबांनी एकेक उजेडात धरून बघितली आणि त्याला विचारलं, हात कुणी मोडला? तो म्हणाला, "मी जिंकत होतो." साहेबांना कळेना. त्यांनी पुन्हा विचारलं, तो पुन्हा तेच म्हणाला, आणि मग रडायला लागला, बाकावरच्या सगळ्या लोकांसमोर. तेव्हा मी सांगितलं. समोर माझा नवरा होता, मागे थोरला दीर होता, आणि मी तिथेच उभी होते. फ्रिज नव्हता. साहेबांनी लिहून घेतलं, मी सही केली. 

प्लास्टर निघालंय. हात काडीसारखा झालाय, पण बोटं हलतात. तुझ्या घराची त्याने काय दशा केलीय सांगू? सकाळी उठायच्या आत ओटा पुसलेला, नळ चकचकीत, माझा कप मी ठेवायच्या आत विसळलेला. मी बादली घेतली की हिसकावून घेत नाही, नुसता बाजूला उभा राहतो, आणि मग मीच देऊन टाकते. बस म्हटलं की बसतो, पण खुर्चीच्या टोकावर.

परवा रविवार होता. जेवणं झाली. त्याने टेबल पुसलं, खुर्ची पुढे ओढली आणि कोपर टेबलावर ठेवलं. तोच हात, मोडलेला. डोळे मिटून घेतले. म्हणाला, "वहिनी, लवकर पाडा. भांडी वाळतायत."

मी समोर बसले. त्याचा हात हातात घेतला. एवढा हलका हात मी कधी धरला नव्हता. तो वाट बघत होता. मी जोर लावला नाही, आणि त्यालाही लावता येत नव्हता.  ताटांवरचं उष्टं वाळून कडक झालं. मग त्याने एक डोळा उघडला.

मी म्हटलं, "भाऊजी, आज भांडी राहू देत."

"मग कोण घासणार?"

"आज कुणी नाही."

त्याने हात सोडला नाही. पण थोड्या वेळाने खुर्चीत मागे टेकून बसला.

भांडी तशीच आहेत, आत्या. परवाची, कालची आणि आजचीही. तू आलीस की सिंक तुडुंब भरलेलं दिसेल, वास पण येतोय. तो दर थोड्या वेळाने स्वयंपाकघराच्या दारापर्यंत जातो, बघतो, आणि परत येऊन बसतो. आज संध्याकाळी येताना हसत होता. तू रागावू नकोस, आणि आल्या आल्या बाह्या सरसावून घासायलाही घेऊ नकोस. तुझा खांदा दुखतोय.

तुझी भिंगरी